जेसी व्हेंचुरा की अर्नोल्ड श्वार्झनेगर, बोलायचं कोणावर?

भाचीला कॉलेजात एका अमेरिकन गव्हर्नरवर दहा मिनिटं बोलायचंय आणि तिचं घोडं या दोघांपाशी अडलंय. तर पोरी, तुला आधी एक सांगतो, गव्हर्नर म्हटलं की आपल्याला राजभवनातले राज्यपाल आठवतात, तिकडे तसं नाही, तो थेट निवडून येतो आणि राज्य चालवतो, आपला मुख्यमंत्रीच समज.

दोघंही अंगाने कमावलेले, जेसी कुस्तीच्या शोमधला पैलवान, अर्नोल्ड बॉडीबिल्डर, आणि 1987 साली दोन सिनेमांत एकत्र.

जेसीची निवडणूक म्हणजे नुसती धमाल. 1998, मिनेसोटा, रिफॉर्म पार्टी नावाचा चिमुकला पक्ष, समोर दोन्ही मोठ्या पक्षांचे तगडे उमेदवार, पोलमध्ये गडी तिसरा. टीव्हीवरच्या जाहिरातीत काय तर पोरं जेसीचा बाहुला घेऊन खेळतायत आणि तो लॉबीवाल्या, म्हणजे सरकारवर दबाव आणून कामं करून घेणाऱ्या, बाहुल्याशी मारामारी करतोय! त्या राज्यात मतदानाच्या दिवशीच बूथवर नाव नोंदवता येतं, त्यामुळे ऐनवेळी आलेल्या तरुण पोरांची मतं मिळाली आणि 37 टक्क्यांत गडी जिंकला. पुढची चार वर्षं मात्र, खरं सांगू, जरा पातळच. शिलकीतले पैसे लोकांना चेकने परत दिले, मिनियापोलिस शहरातल्या लाइट रेलसाठी, म्हणजे हलक्या शहरी रेल्वेसाठी, जोर लावला, पण विधिमंडळात स्वतःच्या पक्षाचं कुणी नाही, पत्रकारांशी कायम वाजलेलं, त्यात गव्हर्नर असताना टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलची कॉमेंट्री. 2002 ला परत उभाच राहिला नाही.

अर्नोल्डचं उलटं. मूळचा ऑस्ट्रियाचा, 1968 ला अमेरिकेत आला, सात वेळा मिस्टर ऑलिंपिया ही बॉडीबिल्डिंगची मोठी स्पर्धा जिंकला, पक्ष रिपब्लिकन. 2003 मध्ये कॅलिफोर्नियात तेव्हाचे गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना मुदतीआधीच पदावरून काढायचं मतदान झालं, मतपत्रिकेवर तब्बल 135 नावं, त्यातून हा साधारण 49 टक्के घेऊन निवडून आला. खरी गोष्ट पुढेच आहे. 2005 ला आमदारांना बाजूला ठेवून चार प्रस्ताव थेट जनतेपुढे नेले आणि शिक्षक-नर्सच्या युनियननी चारही आपटवले. दुसरा कोणी चिडून बसला असता, याने विरोधी डेमोक्रॅटिक पक्षातली बाई थेट चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे आपल्या कार्यालयाची प्रमुख, म्हणून आणली, 2006 मध्ये डेमोक्रॅट्सबरोबर हवामान कायदा केला आणि त्याच वर्षी आरामात परत निवडून आला. शेवट गोड नाही हं, 2009 ला तिजोरी इतकी रिकामी की राज्य सरकार लोकांना पैशाऐवजी उधारीच्या चिठ्ठ्या देत होतं.

म्हणजे निवडणूक कशी फिरते हे सांगायचं असेल तर जेसी घे, चार मिनिटांत वर्ग हसवशील, पण उरलेली सहा मिनिटं ओढत न्यावी लागतील. गव्हर्नरचं काम दाखवायचं असेल तर अर्नोल्ड, माझं मत त्यालाच. आणि जन्मतारखेने सुरुवात करू नकोस बाई, त्या तंबूने कर: कॅपिटॉलमध्ये, म्हणजे राज्याच्या विधानभवनात, सिगार ओढायला बंदी म्हणून त्याने अंगणात तंबू ठोकला होता आणि दोन्ही पक्षांचे आमदार तिथे वाटाघाटीला येऊन बसायचे.