जुना व्हॉल्व्ह रेडिओ पहिल्यांदा चालू करताना: सिरीज बोर्ड की डिमरस्टॅट?

माळ्यावरून उतरवलेला मर्फी, बुश किंवा फिलिप्स थेट प्लगला लावायचा नाही, इथवर सगळ्यांचं एकमत असतं. पुढे दोन तट पडतात. एक म्हणतो, सिरीजमध्ये, म्हणजे सेटकडे जाणाऱ्या तारेतच, बल्ब लावा. दुसरा म्हणतो, डिमरस्टॅट (गोल मूठ फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) आणा आणि शून्यापासून हळूहळू चढवा. दुसरा सल्ला ऐकायला जास्त शास्त्रीय वाटतो. तरी घरच्या टेबलावर एक-दोन सेट जिवंत करायचे असतील, तर माझं मत पहिल्याच्या बाजूने आहे.

डिमरस्टॅटला काही हजार लागतात आणि सिरीज बोर्ड होल्डर, स्विच, सॉकेट जोडून घरी बनतो, हे खरं. पण मुद्दा पैशांचा नाही. डिमरस्टॅट व्होल्टेज कमी करतो, बल्ब करंट अडवतो, आणि बिघडलेल्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर जाळतो तो करंटच. 60 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये असेल तर सेट आतून पूर्ण शॉर्ट असला तरी 230 व्होल्टला 0.26 अँपिअरच्या वर काही जात नाही. 4 अँपिअरचा डिमरस्टॅट 50 व्होल्टवर ठेवला तरी शॉर्ट सेटला मागेल तितका करंट देत राहतो. तो किती चाललाय हे कळायला सोबत अँमीटर हवा, आणि तुमचे डोळे त्याच्यावर हवेत. बल्ब फिलामेंटचाच घ्या. एलईडी किंवा सीएफएल इथे उपयोगाचे नाहीत.

शिवाय बल्ब बोलतो. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह), म्हणजे बहुधा ईझेड80, आधी काढून ठेवा आणि स्विच दाबा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर बहुधा ठीक. लख्ख पेटून राहिला तर वाइंडिंगमध्ये शॉर्ट आहे, किंवा मेनच्या तारांवर टाकलेला कागदी कंडेन्सर गेलाय. मग रेक्टिफायर परत बसवा. तो तापेपर्यंत बल्ब मंद राहील, नंतर किंचित उजळेल आणि तिथेच थांबेल. उजळतच गेला तर लगेच बंद करा. डीसी सपाट करणारा फिल्टर कंडेन्सर लीक आहे, म्हणजे त्यातून करंट झिरपतोय, किंवा स्पीकर चालवणारा आउटपुट व्हॉल्व्ह, ईएल84, वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतोय. ही दुसरी शक्यता अनेकदा नजरेतून सुटते. ईएल84च्या ग्रिडकडे (सिग्नल येतो त्या पिनकडे) जाणारा 0.01 मायक्रोफॅरडचा जुना कागदी कंडेन्सर लीक झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं आणि पॉवर सप्लाय बसल्यासारखा दिसतो. मीटर लावला की ग्रिडवर शून्य आणि कॅथोडवर साधारण 7 व्होल्ट दिसायला हवेत. कॅथोडचा आकडा पूर्ण व्होल्टेजला तपासायचा. 60 वॅटच्या बल्बावर सेट नीट गाणार नाही, कारण जवळपास निम्मं व्होल्टेज बल्बच खातो. त्यावर सगळं शांत वाटलं तर 100 वॅटचा लावा, मग थेट वीज.

डिमरस्टॅटवाल्यांचा आवडता मुद्दा असा, की हळूहळू चढवलं तर जुने कंडेन्सर पुन्हा फॉर्म होतात, म्हणजे त्यांच्या आतला इन्सुलेशनचा थर परत तयार होतो. व्हॉल्व्ह रेक्टिफायर असलेल्या सेटमध्ये यात फारसा अर्थ नाही. कमी व्होल्टेजला ईझेड80चं हीटरच धड तापत नाही, त्यामुळे कंडेन्सरपर्यंत डीसी पोहोचतच नाही. निम्म्याच्या पुढे कुठेतरी कॅथोड जागा होतो आणि एचटी (व्हॉल्व्हना लागणारं उच्च डीसी व्होल्टेज) एकदम वर उसळते. मग हळूहळू काय झालं? फॉर्म करायचाच असेल तर कंडेन्सर सोडवून वेगळ्या डीसी सप्लायवर, मोठ्या रेझिस्टरमधून, लीकेज बघत तासन्‌तास करावा लागतो. मी तो खटाटोप करत नाही. 32+32 मायक्रोफॅरडचा जुना डबा (एकातच दोन फिल्टर कंडेन्सर) दिसायला तसाच राहू देतो, त्याच्या तारा काढतो आणि चासीच्या खाली 33 किंवा 47 मायक्रोफॅरड, 450 व्होल्टचे नवे बसवतो. जुन्याला समांतर नवा जोडून काम भागवू नका; लीकेज तसंच राहतं. आणि चांगला फिल्टर हवा म्हणून पहिला कंडेन्सर 100चा करू नका. ईझेड80ला 50 मायक्रोफॅरडची मर्यादा आहे.

एसी/डीसी सेटचा, म्हणजे यूसीएच81, यूसीएल82, यूवाय85 वगैरे व्हॉल्व्हवाल्यांचा, हिशेब वेगळा. यात ट्रान्सफॉर्मर नाही आणि सगळी हीटर्स एका ओळीत असतात. दिवाळीच्या माळेसारखं, एक गेलं की सगळी अंधारात. तेव्हा वीज लावण्याआधी मीटरने हीटर तपासा. रेक्टिफिकेशन हाफवेव्ह, म्हणजे एसीची अर्धीच लाट वापरणारं, असल्याने फिल्टर गेला की 50 हर्ट्‌झचा खोल घुमा येतो. ट्रान्सफॉर्मरवाल्या फुलवेव्ह सेटमध्ये तोच दोष 100 हर्ट्‌झला, जरा चढ्या पट्टीत ऐकू येतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या सेटची चासी थेट मेनला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की चासीवर फेज. डिमरस्टॅट घेतला म्हणजे आपण मेनपासून वेगळे झालो, हा समज जीवघेणा आहे. त्याचं वाइंडिंग एकच असतं. बल्बही वेगळं करत नाही. अशा सेटवर हात घालायचा तर 1:1 आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच हवा. तो नसेल तर सेट जाणत्याकडे द्या.

डिमरस्टॅट निरुपयोगी आहे असं मात्र नाही. मेटल रेक्टिफायर किंवा डायोड असलेल्या सेटमध्ये तो खरोखर हळूहळू चढवता येतो. व्होल्टेज वरखाली झालं की येणारा-जाणारा दोष पकडायला त्याच्यासारखं साधन नाही. संध्याकाळी घरी 245 व्होल्ट येत असतील आणि सेटच्या ट्रान्सफॉर्मरला 220 व्होल्टचाच टॅप (जोडणी) असेल, तर दुरुस्तीनंतर रोज ऐकायलाही तो कामाचा. महिन्याला चार सेट हातात येत असतील तर दोन्ही ठेवा: आधी बल्ब, मग डिमरस्टॅट. कॉलेजच्या लॅबमधून भंगारात निघालेला मिळाला तर घ्या, पण वरचं झाकण उघडून कार्बन ब्रश किती उरलाय आणि तो फिरतो तिथली वेटोळी काळी पडलीत का, हे आधी बघा.