इलेक्ट्रिक गाडीचे गचके: वर्षभर वापरल्यानंतर

रेंज, चार्जिंग आणि युनिटच्या हिशेबावर भरपूर लिहिलं गेलंय, ते सोडतो. माझी खरी तक्रार होती ती गाडीच्या आपटण्याची. सिंहगड रोडला राहायचं म्हणजे गचके आलेच, हे मान्य. पण आधीच्या पेट्रोल गाडीत जे खड्डे कळायचेही नाहीत, ते हिच्यात थेट मणक्यात शिरायचे. मागे बसलेल्या आईने तर एकदा सांगूनच टाकलं, "यापेक्षा रिक्षा बरी."

सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं. "सर, ईव्ही आहे, बॅटरीचं वजन असतं, राइड थोडी हार्डच लागणार." यात अर्धं तथ्य आहे. फ्लोअरखाली दोन-तीनशे किलोची बॅटरी असते, ती पेलायला स्प्रिंग कडक लागतात आणि शॉकअपही त्याच मापाचे. वर इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे खालची प्रत्येक कटकट कानावर येते. पण नवी असताना हीच गाडी बऱ्यापैकी मऊ चालायची. बॅटरीचं वजन काही मधल्या काळात वाढलं नव्हतं.

पहिला संशय हवेवर. पंपावरचा पोरगा "ईव्ही आहे ना" म्हणत सरळ ४० पीएसआय मारायचा. ड्रायव्हरच्या दाराशेजारच्या स्टिकरवर नेहमीच्या वजनाला ३३ आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांना थोडी जास्त, असं स्पष्ट लिहिलंय. हे आकडे थंड टायरचे. गाडी चालली, ऊन लागलं की तीन-चार पीएसआय आपोआप चढतात, म्हणून दुपारी पंपावर जाऊन 'जास्त झाली' म्हणत हवा सोडणंही चूकच. आता एक डिजिटल गेज डिकीतच असतो. सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजतो. एवढ्यानेच पेव्हर ब्लॉकवरची बारीक थरथर बरीचशी गेली. रेंजमध्ये मला तरी फरक जाणवला नाही.

तरीही पुढच्या डाव्या बाजूचा धक्का राहिलाच. गचका नेमका कसा आहे हे आधी ओळखायला हवं, नाहीतर मेकॅनिक सांगेल तो पार्ट बदलत बसाल. ऐंशी-नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुतेक वेळा चाकांचं बॅलन्सिंग. सस्पेन्शनच्या वाटेला जायचंच नाही. स्पीडब्रेकरनंतर गाडी झोका घेतच राहिली तर शॉकअप. हळू वेगात, तुटक्या रस्त्यावर कट-कट आवाज म्हणजे सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर. द्रुतगती मार्गावरची ठरावीक अंतराने येणारी धप्-धप् मात्र काँक्रीटच्या जोडांची असते, तिच्यावर पैसे घालवू नका. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. आवाज नाही, थरथर नाही. डावं चाक खड्ड्यात गेलं की नुसता कोरडा दणका.

एक गोष्ट जुळत होती. वॉरंटीत डावा लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बदलला, तेव्हापासून हे सुरू झालं होतं. ओळखीच्या अलाइनमेंटवाल्याने गाडी रॅम्पवर घेतली, खाली वाकून टॉर्च मारला आणि म्हणाला, "साहेब, बुशचं रबर बघा, गाडी उभी असतानाच पिळलंय. बोल्ट गाडी हवेत असताना आवळलाय." कारण साधं आहे. लिफ्टवर चाकं लोंबकळतात, आर्म खाली झुकतो. त्या अवस्थेत बोल्ट घट्ट केला की रबर तिथेच पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते पीळ घेऊनच बसतं आणि जास्तीच्या स्प्रिंगसारखं चाकाला वर यायला विरोध करतं. वर लवकर फाटतं ते वेगळंच.

वॉरंटी असल्याने बाहेर काही खोलू दिलं नाही. सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर 'राइड खराब' असं मोघम न लिहिता 'डाव्या लोअर आर्मचे बुश बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना टॉर्क रेंचने आवळणे' असंच लिहायला लावलं. ॲडव्हायझरने तोंड वाकडं केलं, पण फ्लोअर मॅनेजर समजूतदार निघाला. चाकं टेकलेली राहतात अशा अलाइनमेंटच्या रॅम्पवर काम झालं, पाठोपाठ अलाइनमेंटही. परत येताना नवले पुलाच्या आसपासचे नेहमीचे खड्डे मुद्दाम घेतले. डावी-उजवी बाजू सारखी लागली. स्वतः गाडीखाली शिरणार असाल तर जॅक फक्त नेमून दिलेल्या जागीच लावा, बॅटरीच्या पेटीला नाही. आणि हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलींना हात लावायचा नाही.

टायर अजून कंपनीचेच आहेत, २१५/६० आर १६. मित्र १७ इंची अलॉय टाक म्हणून मागे लागलाय. २१५/५५ घेतला तर बाहेरचा घेर जवळपास तोच राहतो, पण टायरची भिंत १२९ मिलिमीटरवरून ११८ वर येते. खड्डा झेलायची उशीच तेवढी पातळ होते. आपल्या रस्त्यांवर हा सौदा मला पटत नाही. लोड इंडेक्सही बघा. ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो. स्वस्त मिळतोय म्हणून त्याखालचा घेऊ नका.

आईची तक्रार निम्म्यावर आली आहे. उरलेली निम्मी रीजनची, म्हणजे मोटरच्या मदतीने होणाऱ्या ब्रेकिंगची निघाली. पाय उचलला की गाडी मागे खेचल्यासारखी व्हायची आणि आई पुढे झुकायची. ती बरोबर असली की रीजन सगळ्यात खालच्या लेव्हलला ठेवतो.