नवोदय की गावातलीच शाळा?

पाचवीतलं लेकरू गणितात पुढं असलं, की गुरुजी नवोदयचा फॉर्म भरायला सांगतात. गडचिरोलीतलं घोट असो की वर्ध्यातलं सेलूकाटे, जवाहर नवोदय विद्यालयात सहावीपासून राहणं, जेवण, पुस्तकं मोफत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या. पण जागा साधारण ८० आणि परीक्षेला अख्खा जिल्हा.

गावात राहिलं तर आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. घराला आधार होतो, पण शिकवण्याचं काय? एकाच खोलीत तिसरी-चौथी बसलेली. हुशार पोरीची गणितं पाच मिनिटांत होतात, मग ती लहानांच्या पाट्या तपासत बसते. तिला पुढचं गणित द्यायला गुरुजींना उसंतच नसते.

म्हणून नवोदयला नंबर लागला तर पाठवाच, मुलीला तर नक्कीच. एवढ्याशा वयात घर सुटतं, मायचा जीव तुटतो, हे खरंच. पण कापूस वेचणीत तिची शाळा बुडत नाही. नंबर नाहीच लागला, तर वरच्या वर्गाची पुस्तकं आत्ताच हातात द्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात.