आमच्या खानापूर (जि. बेळगाव, कर्नाटक) भागातलं मराठी हायस्कूल: छडी नाही, पण शिस्त आहे (पालकाचा रिव्ह्यू)

पोरगा इथं नववीत आहे. एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा रिझल्ट सगळेच सांगतात, मी शिस्तीबद्दल लिहितो कारण मला या शाळेचं तेच जास्त पटलंय.

मारणं नाही, अंगठे धरायला लावणं नाही, तरी पोरं मोकाट सुटलेली नाहीत. जूनमध्ये वर्गाचे नियम पोरांनीच काढले, सरांनी एवढंच बघितलं की यादी लांबू नये आणि "हे करू नका" ऐवजी "असं करायचं" असं लिहावं. पावसात जांबोटीकडची बस लेट झाली तर त्या पोरांना गेटबाहेर भिजत ठेवत नाहीत, सरळ वर्गात घेतात, पण शाळेजवळच राहून उशिरा येणाऱ्याला बुडलेलं काम मधल्या सुट्टीत पुरं करावं लागतं.

मागच्या टर्मला कन्नडच्या तासाला एक मुलगी वाचताना अडखळली, आमच्या पोरानं तिची नक्कल केली आणि वर्ग हसला. बाईंनी तिथं नुसतं गप्प केलं, तास संपल्यावर एकट्याला बोलावून विचारलं, काय झालं, कुणाला वाईट वाटलं, आता तू काय करणार? त्यानं स्वतःहून तिची माफी मागितली. घरी येऊन आम्हाला पण त्यानंच सांगितलं, मार बसला असता तर लपवलं असतं हे नक्की!

काही पालक म्हणतात नववी-दहावीला दोन फटके पाहिजेतच. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं मारायला आणि मानसिक छळाला बंदी आहे, पण तो कायदा ६ ते १४ वयाचा, आठवीपर्यंतचा, म्हणून ही पळवाट काढतात. चौदा पूर्ण झाली म्हणून पोराचा मान संपतो काय?

कमी काय म्हणाल तर एक-दोन सर अजून जुन्या वळणाचेच, ओरडतात, उठाबशा काढायला लावतात, मग त्यांच्या तासाला पोरं चिडीचूप आणि पुढच्या तासाला सगळा दंगा, तो निस्तरायचा दुसऱ्या बाईंनी. पालक सभेत मी हे बोललोय. समुपदेशक पण नाही, ते वर्गशिक्षकच बघतात, त्यांच्यावर लोड फार आहे. म्हणून पाचात चार स्टार.

आठवीला घालायचं असेल तर चौकशीला मधल्या सुट्टीत जावा, ऑफिसात बसू नका, व्हरांड्यात थांबून सर पोरांशी कसं बोलतात ते ऐका.