सायकल आणि स्नोशू एकाच दुकानातून: स्नोशू बिनधास्त घ्या, पट्टे घरून न्या

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मी आणि ताई अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात वॉशिंग्टन पास नावाच्या घाटमाथ्यावर सायकलनं गेलो आणि वर पोचून स्नोशू (पाय बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालून बर्फात हिंडलो. सगळं सामान सिॲटल भागातल्या एका दुकानातून भाड्यानं घेतलं होतं, त्याबद्दल हे लिहितेय.

आधी जागेविषयी. या पासवरून जाणारा नॉर्थ कॅस्केड्स हायवे 1972 साली सुरू झाला आणि बहुतेक प्रत्येक हिवाळ्यात बंद असतो, कारण लिबर्टी बेल डोंगराच्या घळींमधून बर्फाचे लोट थेट रस्त्यावर येतात. वसंतात सोमवार ते गुरुवार बर्फ काढायची यंत्रं चालतात. शुक्रवार ते रविवार फाटकापलीकडचा रस्ता आपला. एकही गाडी नाही, नुसता वितळत्या पाण्याचा आवाज. सिल्व्हर स्टारच्या फाटकापासून माथा 9 मैल, चढच चढ. ताई पुण्यात दर रविवारी सायकलनं सिंहगड चढते, तिला काहीच वाटलं नाही. मला वाटलं.

स्नोशूंना पैकीच्या पैकी. दुकानातल्या मुलीनं आमचे बूट मागितले, त्यावर पट्टे आवळून दाखवले आणि आम्हा दोघींकडून तीनदा काढघाल करून घेतली. चवडा घट्ट, टाच मोकळी. "अगं, पायात सुपं बांधल्यासारखी वाटतायत," ताई म्हणाली. पण माथ्यावर व्ह्यूपॉइंटच्या वाटेवर बर्फ होता तसाच होता, आणि तिथे ही सुपं कामाला आली. मी एकदा स्नोशू काढून पाऊल टाकलं तर मांडीपर्यंत आत. परत घातले आणि चार बोटंसुद्धा रुतले नाहीत. खालचे दात कडक बर्फात कर्रकन धरतात, तो आवाज मला फार आवडला. ताईचा बर्फावरचा पहिलाच दिवस, तरी ती एकदाही घसरली नाही. 5,477 फुटांवरून खालचं ते मोठं वळण बघत आम्ही दशम्या खाल्ल्या.

तक्रार आहे ती बांधणीची. स्नोशू सायकलच्या कॅरिअरला बांधायला दुकानानं आकडेवाल्या रबरी दोऱ्या दिल्या. माझ्या दोरीचं रबर आकड्यापाशी चिरलेलं होतं, निघताना मी ते पाहिलं नाही. तिसऱ्या मैलावर आकडा सुटला, स्नोशू लोंबकळला आणि त्याचे दात मागच्या चाकात गेले. एक आरा तुटला. तो शेजारच्या आऱ्याला गुंडाळून मी चढले, पण चाक डुगडुगायला लागल्यामुळे उतरताना वळणावळणाला खाली उतरून सायकल ढकलत आणली. त्यात तासभर गेला. दुपारी ऊन लागलं की त्या घळींखाली थांबायचं नसतं, म्हणून तो तास मला फार जड गेला.

दुकानानं आधी आऱ्याचे पैसे लावले. चिरलेल्या रबराचा फोटो दाखवल्यावर निमूट परत केले, हे खरं.

तुम्ही जाणार असाल तर बकलवाले दोन कापडी पट्टे घरून न्या. स्नोशूंचे दात एकमेकांकडे तोंड करून जोडी बांधा आणि पट्ट्यांची टोकं कॅरिअरखाली खोचा. आदल्या संध्याकाळी नॉर्थवेस्ट ॲव्हलांच सेंटरचा हिमस्खलनाचा अंदाज निघत असेल तर वाचा, पहाटे निघा. सकाळी रस्त्यावर पाण्याचे ओघळ गोठलेले असतात, तिथे ब्रेक दाबू नका. एप्रिल-मे महिन्यात कधीतरी फाटक उघडतं आणि गाड्या सुरू होतात, त्याआधीचा एखादा शनिवार धरा.