विजेचा पिकअप, घरचे चार्जिंग आणि वादळातली वीज : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी येथे आम्ही राहतो. फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग हा विजेवर चालणारा पिकअप आम्ही जानेवारी २०२४ मध्ये मोठ्या बॅटरीसह घेतला. गाडी चालवायला कशी आहे याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे येथे मी फक्त ती घराच्या विजेला जोडण्याविषयी लिहीत आहे. चार्जरवर मी आठवडेच्या आठवडे विचार केला आणि बॅकअपची, म्हणजे वीज गेल्यावर गाडीतून घराला वीज देण्याची, जोडणी मात्र एका दुपारी उरकून टाकली. हे अगदी उलट व्हायला हवे होते.

आधी चार्जिंग. या बॅटरीत वापरण्याजोगी १३१ युनिट वीज मावते. भिंतीतल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवरून ताशी जेमतेम दीड युनिट मिळते, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला जवळपास चार दिवस लागतात. दुसऱ्या टोकाला कंपनीचा ८० अँपिअरचा चार्जर आहे. तो १९.२ किलोवॅट देतो, पण त्याला १०० अँपिअरचा स्वतंत्र ब्रेकर लागतो, कारण सलग काही तास चालणाऱ्या भारासाठी ब्रेकर सव्वापट क्षमतेचा असावा असा येथील विद्युत नियम आहे. आमच्या घराचे मुख्य पॅनल २०० अँपिअरचे असून त्यावर दोन एसी, विजेची भट्टी आणि कपडे वाळवण्याचे यंत्र आधीच आहे. हिशेब मांडल्यावर १०० अँपिअर एकट्या गाडीला देणे शक्य नव्हते, आणि तशी गरजही नव्हती. माझी रोजची धाव साधारण ५५ मैलांची असून गाडी एका युनिटमध्ये सुमारे दोन मैल जाते. ४८ अँपिअरचा, म्हणजे साडेअकरा किलोवॅटचा चार्जर ही भर अडीच तासांत करतो. टेक्सासमध्ये काही वीजविक्रेते रात्रीची वीज मोफत आणि दिवसाची महाग अशा योजना विकतात. तशी योजना घेतली तरी रात्रीच्या आठ-नऊ तासांत हा चार्जर सुमारे दोन-तृतीयांश बॅटरी भरू शकतो.

सुरुवातीचा चुकांचा महिना-दीड महिना मात्र सांगायलाच हवा. इलेक्ट्रिशियनने गॅरेजमध्ये स्वयंपाकाच्या विजेच्या शेगडीसाठी वापरतात तसले स्वस्त सॉकेट बसवले आणि त्यात पेलणारा चार्जर मी लावला. शेगडी अधूनमधून तापते, गाडी रात्री तासन्‌तास एकाच दराने वीज ओढते. सहाव्या आठवड्यात प्लग हाताला चटका बसेल इतका गरम लागला आणि सॉकेटचा चेहरा एका बाजूला तपकिरी झालेला दिसला. त्यानंतर ६० अँपिअरच्या ब्रेकरवर नवा चार्जर सॉकेटविना थेट तारांनी जोडून घेतला आणि स्क्रू कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने), मोजून, आवळून घेतले. तेव्हापासून चार्जिंगकडे पाहावेही लागलेले नाही.

आता बॅकअप. पुण्यात भारनियमनाच्या काळात इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालण्याचे काम माझ्याकडे होते. त्या बॅटरीत पावणेदोन युनिट असत, म्हणजे अशा सत्तरएक बॅटऱ्या आता दारात उभ्या होत्या. त्या आकड्यानेच मी फसलो. बॅटरीत किती वीज आहे यापेक्षा ती घरात कोणत्या तारेतून आणि कशी येते, हा खरा प्रश्न आहे.

गाडीतून वीज घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात चार्जिंगच्याच केबलमधून वीज उलट आणून स्वतंत्र इन्व्हर्टर आणि बदल-स्विचद्वारे घराला दिली जाते. वीज जाताच हे सगळे आपोआप घडते आणि ९.६ किलोवॅटपर्यंत भार चालतो, पण त्यासाठी तोच ८० अँपिअरचा चार्जर हवा. मला मिळालेले दरपत्रक पाहून मी तो विचार सोडला. दुसरा मार्ग गाडीच्या हौद्यातल्या २४० व्होल्ट, ३० अँपिअरच्या सॉकेटचा. तेथून ७.२ किलोवॅट मिळतात आणि जनरेटरसाठी असते तशीच खोबण घराच्या भिंतीत बसवून ही वीज पॅनलपर्यंत नेता येते. मुख्य ब्रेकर आणि गाडीकडून येणारा ब्रेकर एकाच वेळी चालू होऊ नयेत म्हणून मध्ये सरकती लोखंडी अडसर-पट्टी बसवतात. ती असल्याशिवाय हा उद्योग कोणीही करू नये. आपली वीज उलट रस्त्यावरच्या तारांत गेली तर खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

मी मार्चमध्ये ही पट्टी बसवून घेतली आणि चाचणी न घेता स्वस्थ बसलो. १६ मे २०२४ च्या संध्याकाळी ह्यूस्टनवर वादळी वाऱ्यांची भिंत कोसळली आणि लाखो घरांची वीज गेली. मी ऐटीत केबल जोडली, ब्रेकर वर केला आणि गाडीने क्षणात वीज तोडली. पुन्हा केले, पुन्हा तेच. कारण नंतर कळले. घराच्या मुख्य पॅनलमध्ये न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) आणि अर्थिंग एकमेकांना जोडलेले असतात, आणि गाडीच्या सॉकेटमागेही ते तसेच जोडलेले असतात. दोन ठिकाणी जोड असला की न्यूट्रलमधून परतायचा काही प्रवाह अर्थिंगच्या तारेतून परततो, आणि गळती ओळखणारे गाडीतले संरक्षण, ते ज्यासाठी बनवले आहे तेच करून, वीज तोडते. दोष गाडीचा नव्हता, जोडणीचा होता. अर्थिंगची तार कापून टाका असाही सल्ला मला एका परिचिताने दिला, तो मी ऐकला नाही आणि कोणीही ऐकू नये. ते दोन दिवस गाडीच्या पुढच्या डिकीतल्या १२० व्होल्टच्या सॉकेटवरून खिडकीतून वायर आत घेऊन फ्रिज आणि पंखे चालवले.

जूनमध्ये दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून, रीतसर परवाना घेऊन, अत्यावश्यक भारांचे वेगळे छोटे पॅनल आणि न्यूट्रलही सोबत बदलणारा स्विच बसवून घेतला. यावेळी मुख्य वीज मुद्दाम बंद करून संपूर्ण दुपार चाचणी घेतली. त्याच चाचणीत दुसरा धडा मिळाला : मोठा एसी चालू असताना घेतो त्या विजेपेक्षा सुरू होण्याच्या क्षणी मागतो तो प्रवाह कितीतरी जास्त असतो, आणि ३० अँपिअरच्या मर्यादेत तो बसत नाही. सुरुवातीचा झटका कमी करणारे उपकरण मिळते, पण मी झोपण्याच्या खोलीसाठी छोटा खिडकीचा एसी घेतला.

८ जुलैला, सोमवारी पहाटे, बेरिल चक्रीवादळ माटागोर्डाजवळ किनाऱ्यावर आले आणि ह्यूस्टन परिसरात २२ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. आमची गुरुवारी संध्याकाळी आली. फ्रिज, फ्रीझर, पंखे, दिवे, इंटरनेट आणि तो छोटा एसी एवढ्यावर दिवसाला २२ टक्के बॅटरी खर्च होत होती, म्हणजे साधारण २९ युनिट. त्यात गाडी स्वतःसाठी घेते ती वीजही धरलेली आहे, आणि ती दुर्लक्ष करण्याइतकी थोडी नाही. १०० टक्क्यांवरून निघालेला आकडा शेवटी २३ वर थांबला. शेजारच्या जनरेटरांच्या घरघरीत आमचे घर शांत होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विषारी धुराची भीती नव्हती, कारण अशा दिवसांत गॅरेजमध्ये लावलेल्या जनरेटरमुळे माणसे दगावतात. मंगळवारपासून अर्ध्या गल्लीचे फोन आमच्या ओट्यावर चार्ज होत होते आणि चहाची पातेली उतरत नव्हती.

एक उणीव मात्र आधी सुचलीच नव्हती : गाडी घराला वीज देत असताना ती बाहेर नेता येत नाही. बुधवारी सासूबाईंची औषधे संपली तेव्हा पत्नीची पेट्रोलची गाडी नसती तर फ्रिज बंद करून पिकअप काढावा लागला असता, आणि जवळची सार्वजनिक चार्जिंग केंद्रेही अंधारात असल्याने खर्च झालेले टक्के कुठे भरून आणणार होतो? ज्यांच्या घरी हीच एक गाडी आहे त्यांनी बॅकअपचा हिशेब करताना वीस-पंचवीस टक्के प्रवासासाठी राखूनच ठेवावेत.

सध्या रोजची चार्जिंग-मर्यादा ९० टक्क्यांवर ठेवतो आणि मेक्सिकोच्या आखातात वादळाला नाव मिळाले की १०० वर नेतो. केबल हौद्यातच गुंडाळून ठेवली आहे, आणि स्विचच्या दारावर आतून पत्नीने कोणता ब्रेकर आधी, कोणता नंतर हे मराठीत लिहून चिकटवले आहे.