अमेरिकेतल्या प्रायमरीचे (अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचे) निकाल दाखवणारं अ‍ॅप: खान्देशातून वापरणाऱ्यांसाठी

चुरशीच्या लढतीत नुसती टक्केवारी बघणाऱ्याची फसगत होते. हे अ‍ॅप थेट डेलिगेट, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, मोजतं, म्हणून ते ठेवाच. २००८ मध्ये नेवाडा राज्याच्या कॉकसमध्ये (पक्षाच्या सभांमधून होणारी निवड) हिलरी क्लिंटन टक्केवारीत पुढे होत्या, पण डेलिगेट ओबामांना १३ आणि त्यांना १२! डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांच्या आत राहिलेल्याला काहीच मिळत नाही. ती रेषा इथे लाल दिसते. कॅलिफोर्नियाची टपाली मतं मोजायला आठवडे जातात, तरी अ‍ॅप पहिल्याच रात्री आकडे पक्के दाखवतं. हे चूकच. पूर्व किनाऱ्यावरच्या काही राज्यांत संध्याकाळी सातला मतदान संपतं, तेव्हा जळगावात पहाटेचे साडेपाच. मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे सरकली की साडेचार. रेंज कमी असेल तर नकाशा बंद करून फक्त तक्ता उघडा.